डबा रिकामाच परत करावा

जपानात अंडी विकणारं मशीन असतं, ही गोष्ट गुरुलिंग बिराजदारांना ज्या दुपारी कळली, त्या दुपारपासून सिद्धकृपा सोसायटीची झोप उडाली.

व्हिडिओ त्यांच्या मुलीनं, शिवानीनं, पुण्याहून पाठवला होता. नुकतेच निवृत्त झालेले बाबा घरात बसून आईला कांदा कसा चिरावा हे शिकवायला लागलेत, अशी तक्रार तिच्या कानावर गेली होती. बाबांचा थोडा वेळ बरा जावा, एवढाच तिचा हेतू. पण बिराजदारांनी तो व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, मग चष्मा पुसून पाहिला. पैसे दिले की मशीनमधून छत्री बाहेर. पैसे दिले की गरम सूप. एका मशीनमधून तर नेकटाय येत होता. भर रस्त्यात उभ्याउभ्या कुणाला नेकटायची निकड लागत असेल, या विचारात ते पडले, तेवढ्यात पुढच्या मशीननं जिवंत खेकडा दिला.

“अगं, हे बघ, खेकडा!” ते आनंदानं ओरडले.

सिद्धेश्वरीबाई परातीत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. “अय्य शिवा! लिंगायताच्या स्वयंपाकघरात बसून कशाचं नाव घेताव?”

पण बिराजदारांची नजर एव्हाना खेकड्यावरून ओट्यावर गेली होती. ओट्यावर कडक भाकऱ्यांची चळत होती. मालदांडी ज्वारीच्या, कागदाएवढ्या पातळ, बोटानं टिचकी मारली की खणकन वाजणाऱ्या. सिद्धेश्वरीबाईंच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. शिवानीच्या मैत्रिणी न्यायच्या, मैत्रिणींच्या सासवा न्यायच्या, आणि एकदा तर कुणाच्या तरी सामानातून ती अमेरिकेलाही जाऊन आली होती. आली होती म्हणजे गेली होती. परत येण्याइतकी उरली नव्हती. एवढं असून त्या भाकरीवर बाईंचं नाव मात्र कुठेच नव्हतं.

“भाकरीचं मशीन!” बिराजदार म्हणाले, आणि खुर्चीवरून उठले.

हे उठणं साधं नव्हतं. एका सरकारी खात्यात ते हेडक्लार्क होते. सगळी नोकरीभर त्यांच्या टेबलासमोर माणसं उभी असत. ‘साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?’ या प्रश्नानं त्यांचा दिवस सुरू व्हायचा आणि ‘उद्या या’ या उत्तरानं संपायचा. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारेना. वॉचमनसुद्धा त्यांना पाहून खुर्चीतून उठत नसे. पेपर वाचून व्हायचा, मग त्यातल्या निविदा वाचून व्हायच्या, मग हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती. आपली आता कुणालाच गरज उरली नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते कुणाला सांगणं त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं. पद गेलं होतं, शोभा बाकी होती.

मशीन त्यांना अक्कलकोट रोडला एका भंगारवाल्याकडे मिळालं. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या कँटीनमधलं ते. उंच, लाल, समोर काचेच्या छोट्या छोट्या दारांचे खण. खणाचा नंबर दाबून मोबाइलवरून पैसे दिले की त्या खणाचं दार उघडायचं. पूर्वी त्यात थंड पेयं ठेवत. त्यामुळे दार उघडताना आतून एक बाई मोठ्या प्रेमानं म्हणायची, “धन्यवाद! ठंडे-ठंडे पेय का आनंद लीजिए!” ही बाई बंद कशी करायची, हे भंगारवाल्याला माहीत नव्हतं. पुण्यातल्या ज्या मेकॅनिकनं फोनवरून मशीन चालू करून दिलं, त्यालाही ती शेवटपर्यंत सापडली नाही.

टेम्पो सोसायटीत आला तो नेमका नळाला पाणी यायच्या दिवशी. सोलापुरात त्या दिवशी घराला आग लागली तरी माणूस आधी पिंप भरून घेतो. त्यामुळे मशीन उतरवायला कुणी आलं नाही; सल्ला द्यायला मात्र प्रत्येक गॅलरीतून एकेक माणूस, एका हातात पाइप धरून, हजर होता.

“आडवं करा, आडवं!”

“आडवं केलं तर गॅस बसतो खाली. उभंच घ्या.”

“तिरकं घ्या की वो, लग्नातलं कपाट नेताना बघितलं नाही का कधी?”

पहिल्या मजल्यावरचा जोतीराम तेवढा पाइप टाकून धावत आला. तो माढ्याचा. एका साखर कारखान्याच्या शहरातल्या कचेरीत नोकरीला होता, आणि नुकतंच त्यानं आपल्या आईला, मथुराबाईला, गावाहून इकडे आणलं होतं. “काका, तुमी व्हा बाजूला,” असं म्हणून त्यानं मशीनला मिठी मारली. मशीन उतरलं. फक्त उतरताना त्यानं चेअरमन मल्लिनाथअण्णांच्या स्कूटरचा आरसा सोबत घेतला.

मल्लिनाथअण्णांचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान होतं, आणि सोसायटीवर त्यांचं प्रेम होतं. सोसायटीतल्या माणसांवरचं मात्र अजून सिद्ध व्हायचं होतं. आरसा हातात घेऊन ते म्हणाले, “बिराजदार, पार्किंग ही वाहनांसाठी असते. हे वाहन आहे का?”

“चाकं आहेत याला,” बिराजदार म्हणाले. चाकं खरोखरच होती.

“ठीक आहे. तात्पुरती परवानगी देतो. सभेत बघू.”

आता राहिली सरकारी परवानगी. खाण्याच्या पदार्थाचा प्रश्न, म्हणून बिराजदार सगळी कागदपत्रं फाइलला लावून एका कार्यालयात गेले. फाइल कशी लावावी हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. टेबलापलीकडचा तरुण माणूस अर्ज वाचून म्हणाला, “पदार्थ ग्राहकाच्या हातात कोण देणार?”

“मशीन.”

“मग मशीनचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागेल.”

“अहो, मशीनला टायफॉइड कसा होईल?”

“होणार नाही ना? मग तसं डॉक्टरांकडून लिहून आणा.” आणि मान वर न करता तो म्हणाला, “उद्या या.”

बिराजदार तिथेच उभे राहिले. ‘उद्या या’ हे शब्द त्यांनी हजारो माणसांना ऐकवले होते, स्वतः पहिल्यांदाच ऐकत होते. त्या तरुणाच्या आवाजात राग नव्हता, लोभ नव्हता, आशा तर अजिबात नव्हती. इतकं शुद्ध ‘उद्या या’ त्यांनाही उमेदीच्या काळात जमलं नव्हतं. अपमान झाला खरा, पण कौतुकही वाटलं. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी बिराजदारांनाच तपासलं आणि ‘मशीनतर्फे’ ते निरोगी असल्याचं लिहून दिलं, तेव्हा कागद पुढे सरकला.

इकडे घरी वेगळाच पेच. तालमीच्या दिवशी भाकरी नुसत्या कागदात गुंडाळून खणात ठेवली, ती दार उघडताना हिसका बसून फुटली. “मग आधीच तुकडे करून ठेवू,” बिराजदार म्हणाले. सिद्धेश्वरीबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वाक्य तिथेच मागे घेतलं. मोडलेली भाकरी पाहुण्याला द्यायची? मग पसरट स्टीलचे डबे आणले. एका डब्यात घडी न घालता भाकरी, कडेला वाटीत शेंगाचटणी. खाऊन झाल्यावर गिऱ्हाइकानं मशीनवरचं ‘परत’ बटण दाबायचं, एक खण उघडेल, त्यात डबा ठेवायचा, की झालं. मेकॅनिकनं फोनवरून मशीनला रिकाम्या डब्याचं वजन शिकवलं. तेवढंच वजन असलं तर खण रिकामा. त्याहून जड असलं तर खण भरलेला आणि विकायला तयार. बिनचूक व्यवस्था. बिराजदारांनी ती फार विचार करून मंजूर केली. पण आयुष्यात त्यांनी एकदाही कुणाचा डबा परत नेऊन दिलेला नव्हता. तिथे घोळ झाला.

मशीनच्या कपाळावर त्यांनी पेंटरकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं : सिद्धेश्वरी कडक भाकरी. न विचारता. सिद्धेश्वरीबाई खाली आल्या, पाटी पाहिली. “कशाला उगी नाव बिव,” म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि तो अक्कलकोटच्या माहेरी, पुण्याच्या मुलीला आणि लग्नात कधीकाळी भांडलेल्या एका नणंदेलाही पाठवला.

उद्घाटनाला मल्लिनाथअण्णांनी नारळ फोडला, स्वतःच्या मोबाइलवरून पैसे भरले, दार उघडलं. “ठंडे-ठंडे पेय का आनंद लीजिए!” मशीन म्हणालं, आणि अण्णांनी भाकरी काढून उंच धरली. टाळ्या! सकाळी भरलेलं मशीन संध्याकाळच्या आत रिकामं झालं. आसरा चौकातून रिक्षावाले वाट वाकडी करून येऊ लागले. क्लासच्या पोरी मशीनशेजारी उभं राहून फोटो काढत. वॉचमन बिराजदारांना पाहून उठून उभा राहिला. बिराजदार त्या आठवड्यात चालत नव्हते, तरंगत होते. मशीनजवळ खुर्ची टाकून बसले की माणसं समोर उभी राहायची आणि विचारायची, “काका, भाकरी शिल्लक आहे का?” आणि बिराजदार, जन्मात पहिल्यांदाच, म्हणायचे, “आत्ता या!”

मग एक दिवस जोतीराम डबा घेऊन वर आला. “काकू, भाकरीचे पैसे भरलं की मी. ह्यात तर साबुदाण्याची खिचडी हाय.”

दुपारी वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आल्या. त्यांच्या डब्यात लिंबाचं लोणचं. संध्याकाळी एका रिक्षावाल्यानं तक्रार केली की त्याला भाकरीऐवजी कुणाच्या तरी देवघरातला प्रसादाचा शिरा मिळाला. तक्रार करताना तो शिरा खात होता. दुसऱ्या दिवशी ओल्या हरभऱ्याची उसळ निघाली, तिसऱ्या दिवशी एका डब्यात कढीपत्त्याची जुडी आणि चार हिरव्या मिरच्या. एका डब्यात नुसता लोकरीचा गुंडा आणि अर्धा मोजा.

“मशीनला काय तरी बाधलंय,” वॉचमन म्हणाला.

बिराजदारांनी खुर्ची मशीनच्या मागे लावली, पेपर तोंडासमोर धरला आणि पेपराच्या वरून पाळत ठेवली. पहिल्यांदा आल्या मथुराबाई. धुतलेला डबा पदराखाली. ‘परत’ बटण दाबलं, खण उघडला. त्यांनी डबा ठेवला, आणि ठेवण्याआधी झाकण उघडून आत गुळाच्या शेंगपोळ्या आहेत ना, हे एकदा पाहून घेतलं. मागून शिक्षिकाबाई आल्या, त्यांच्या डब्यात चिवडा. बिराजदार पेपर टाकून उभे राहिले.

“मावशी, डबा रिकामा ठेवायचा असतो!”

मथुराबाई दचकल्या, मग त्यांना बिराजदारांचीच कीव आली. “रिकामा? शेजाऱ्याचा डबा? आवं, आमी काय इतकं गेलोय व्हय? घरात काय नसलं तर साखरंचा दाणा तरी टाकतो मानूस.”

सगळा उलगडा झाला. सोसायटीतल्या एकाही बाईनं एकही डबा रिकामा परत केला नव्हता. मशीनला जड डबा दिसला की ते समजायचं खण भरला, आणि ते शेंगपोळी, चिवडा, मोजा, जे असेल ते, भाकरी म्हणून पुढच्याला विकून मोकळं व्हायचं. बिराजदारांनी मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “सर, लोकांना रिकामा डबा ठेवायला सांगा ना. सगळीकडे तसंच ठेवतात.” या पठ्ठ्याला शेजार नावाची गोष्टच माहीत नव्हती.

बिराजदारांना हे सगळं थोडं मजेशीरही वाटत होतं. पण घरात गेले तर सिद्धेश्वरीबाई ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले होते.

“आज भाजीवालीनं विचारलं मला, ‘ताई, तुमच्या भाकरीला हिंगाचा वास कसा यायला?’ तो वास उसळीच्या डब्याचा होता, माझ्या भाकरीचा नव्हता. मी किती जणांना सांगत बसू? जन्मात एकदा माझं नाव कुठं तरी लागलं, आणि त्याच्याखाली कुणाचं बी काय बी खपायलंय. नाव पुसा, नाहीतर पेटी काढा.”

बायकोला असं बोलताना बिराजदारांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला, आणि राग आला की हेडक्लार्क जे करतो तेच त्यांनी केलं. सूचना लिहिली. मोठ्या पुठ्ठ्यावर, लाल शाईनं, खाली सहीसकट : ‘ग्राहकांस सूचना. डबा रिकामाच परत करावा. भरलेला डबा स्वीकारला जाणार नाही. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, हे लिहिलं नव्हतं. ते नोकरीतही कधी लिहीत नसत.

सूचना चिकटवली आणि मशीन मेलं.

म्हणजे दिवा लागत होता, आतली बाई बोलत होती, पण एकही डबा परत येईना. रिकामा डबा ठेवायला कुणाचा हात धजेना, आणि भरलेला ठेवायला बंदी. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “असं लिहायचं म्हणजे आमच्या हातचं चालत नाही, असंच ना?” तळमजल्यावरच्यांनी डबा धुऊन, पुसून देवघराशेजारी ठेवून दिला; कधीतरी सणासुदीला गोड घालून परत करू, या विचारानं. डबे घराघरांत अडकले. सिद्धेश्वरीबाईंच्या भाकऱ्या चळतीनं ओट्यावर पडून राहिल्या. मशीनशेजारच्या खुर्चीवर बिराजदार एकटे बसू लागले. वॉचमन पुन्हा बसल्या जागेवरून हात हलवू लागला.

रविवारी सोसायटीची सभा. मल्लिनाथअण्णांनी ती मुद्दाम पार्किंगमध्येच, मशीनसमोर ठेवली. खुर्च्या मांडल्या, कुणीतरी पंखा आणून लावला, तो गरम हवा इकडून तिकडे नेऊ लागला. अण्णांनी घसा साफ केला.

“विषय पहिला आणि शेवटचा. ही पेटी. एक म्हणजे जागा अडते. दुसरं, कुणाच्या घरचं अन्न कुणाच्या तोंडात जातंय याचा पत्ता नाही. तिसरं, माझा आरसा. पेटी काढावी, असा माझा ठराव आहे. हात वर करा.”

बिराजदारांनी खाली पाहिलं. खरं तर त्यांनी भंगारवाल्याला फोन केलाच होता. उद्यापासून पुन्हा निविदा वाचायच्या, हरवलेली कागदपत्रं वाचायची. काही हात वर जायला लागले.

“थांबा की जरा,” मागून आवाज आला. मथुराबाई उभ्या राहिल्या होत्या. जोतीराम त्यांचा पदर ओढून त्यांना खाली बसवत होता, पण त्या बसेनात. “मला मीटिंगमदलं कळत न्हाय. म्या आत्ता आत्ता आले हितं. लेक सकाळी जातो, दिवेलागणीला येतो. दार लावून दिसभर भितीकडं बघत बसत हुते. गावाकडं आमचं कसं, ह्या घरचं त्या घरी, त्या घरचं ह्या घरी. हितं कुणाच्या घरचं मीठ तोंडात पडलं न्हवतं. मग ही पेटी आली. म्या ह्यात शेंगपोळी ठिवली, आन भाकरी घ्याया गेले तर मला कुणाचा तरी चिवडा गावला. लई ग्वाड लागला मला. कुणी केला ठाव न्हाय, पर केला की कुणी तरी माझ्यासाठी. मग मी रोज यायला लागले. आन ती लाल पाटी लावली काकांनी, तवापास्नं पुन्हा भितीकडं बघती.”

शिक्षिकाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “चिवडा माझा होता.” आणि डोळ्यांना पदर लावला.

“भावना ठीक आहेत,” अण्णा घाईनं म्हणाले, “पण नियम म्हणून...”

“आन चेअरमनसाहेब,” मथुराबाई मोठ्या मायेनं म्हणाल्या, “तुमी कशापायी नगं म्हणता? तुमी तर पाटी लागायच्या आदी रोज दुपारच्याला दुकानातनं येऊन माझी शेंगपोळी न्हेत हुता की. पहिली पोळी हितंच उभ्या उभ्या खायचा. मला लई बरं वाटायचं गॅलरीतनं बगून.”

पहिल्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या मंडळी सावकाश वळल्या. अण्णांना साखर होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि मंडळींनी त्या आदेशाची अंमलबजावणी घरात कडक ठेवली होती.

“शेंगपोळी?” त्या म्हणाल्या.

“तसं नव्हे, मी भाकरीच घ्यायला जायचो, पेटीच तसली...”

“रोज?”

अण्णांनी रुमाल काढला. “ठराव मागे घेतो,” ते म्हणाले.

एवढ्यात सिद्धेश्वरीबाई उठल्या. त्यांनी आधी लाल शाईची सूचना फाडली. मग सगळ्यांकडे वळल्या. “खालच्या रांगा तुमच्या. ज्याला जे टाकायचं ते टाका, ज्याच्या नशिबात जे निघंल ते घ्या. वरची रांग मात्र माझी. तिथं माझ्याच हातची भाकरी असणार, दुसऱ्या कुणाची चालायची नाही. माझं नाव तेवढ्याच रांगेवर राहू दे.”

सभा संपायची वाटसुद्धा कुणी पाहिली नाही. जिन्यावर धावपळ झाली, घराघरांतून डबे निघाले, आणि एकही रिकामा नव्हता. लाडू, धपाटे, वांग्याचं भरीत, आंबाडीची भाजी. मोज्याची जोडीसुद्धा पुरी होऊन आली. मशीनसमोर रांग लागली आणि आतली बाई दम न खाता ओरडत राहिली, “ठंडे-ठंडे पेय का आनंद लीजिए! ठंडे-ठंडे पेय का आनंद लीजिए!” बिराजदार लहान पोरासारखे हसत होते.

त्या संध्याकाळी, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा, सिद्धेश्वरीबाईंनी तवा चढवला नाही. मथुराबाईंच्या डब्यात निघालेले धपाटे दोघांनी खाल्ले. बाईंनी डबा धुतला आणि पालथा घातला.

“उद्या ठेवून देतो परत,” बिराजदार म्हणाले.

“रिकामा?”

“अगं, डबा आपलाच आहे.”

“डबा आपला, आतलं त्यांच्या घरचं होतं ना? मी सकाळी देवळाला जाणार आहे. तुम्हीच घाला की त्यात काय तरी.”

सकाळी त्या सिद्धेश्वराच्या देवळाला गेल्या आणि बिराजदार स्वयंपाकघरात उभे राहिले. साखरेचा दाणा टाकला असता तरी भागलं असतं. पण भाकरीच्या मशीनचा मालक साखर टाकून सुटतो, हे त्यांना पटेना. त्यांनी पीठ घेतलं, नळाचं पाणी ओतलं. गोळा हाताला चिकटला, हात परातीला चिकटला. थापताना भाकरीला भेगा पडल्या, त्या बुजवताना दुसऱ्या पडल्या. तव्यावर एक बाजू काळी झाली, दुसरी पांढरीच राहिली. तरीही ती त्यांच्या हातची पहिली भाकरी होती, आणि ती पाहून त्यांची छाती भरून आली. त्यांनी ती डब्यात ठेवली, मशीनची किल्ली घेतली, आणि नोकरीभरच्या सवयीनं वर्गवारी केली. भाकरी, म्हणजे भाकरीची रांग. वरची. दार लावून ते मागे सरले, आणि आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात यायच्या आत मल्लिनाथअण्णा समोर उभे होते.

अण्णांना आता घरून एवढीच परवानगी होती : वरची रांग, भाकरी, आणि पुरावा म्हणून फोटो. त्यांनी पैसे भरले. बाईनं थंड पेयाचा आनंद घ्यायला सांगितलं. अण्णांनी डबा उघडला आणि बराच वेळ आत पाहिलं. मग त्यांनी भाकरी मोडायचा प्रयत्न केला. ती मोडेना. स्कूटरच्या सीटवर आपटली, सीट दबली. शिक्षिकाबाई आल्या, जोतीराम आला, मथुराबाई गॅलरीतून वाकून बघू लागल्या. बिराजदार मशीनच्या कडेला उभे होते. आता काही बोललो तर आपली लाज जाते, आणि गप्प बसलो तर बायकोचं नाव जातं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकातून सिद्धेश्वरीबाई आत आल्या. कपाळाला भस्म, हातात प्रसाद.

“वहिनी,” अण्णा भाकरी पुढे करत म्हणाले, “ही बघा. तुमच्या रांगेतली. ही कुणाची म्हणायची?”

सिद्धेश्वरीबाईंनी भाकरीकडे पाहिलं. भेगा पाहिल्या, काळी बाजू पाहिली, पांढरी पाहिली. मग त्यांची नजर बिराजदारांकडे गेली. त्यांच्या कोपराला पीठ लागलेलं होतं, वाळून पांढरं झालेलं. सगळे वाट बघत होते.

“पेटीवर नाव लिहिलंय की वो अण्णा,” त्या म्हणाल्या. “माझीच आहे.”

“तुमची? असली?”

“बिघडतो कधी कधी हात. खावा गप.”

अण्णांनी निमूटपणे फोटो काढला. बाई पुढे आल्या, बिराजदारांच्या हातावर प्रसाद ठेवला आणि पदराच्या टोकानं त्यांच्या कोपराचं पीठ पुसलं.

“पीठ मळताना पाणी कढत घ्यायचं असतं,” त्या हळूच म्हणाल्या. “उद्या दाखवते.”